धडधडतंय म्हणतेस? थांब, आधी नाडी बघू दे

आमच्याकडे दर महिन्याच्या ९ तारखेला एएनसी, म्हणजे गरोदर बायकांच्या ओपीडीत पाय ठेवायला जागा नसते. प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाचा दिवस, २०१६ पासून चालू आहे हे, आशाताया आपापल्या गावातल्या बायकांना रिक्षात नाहीतर वडापमध्ये बसवून घेऊन येतात. आणि त्या गर्दीत वजनकाट्यापासून बीपीच्या टेबलापर्यंत एक वाक्य दिवसभर कानावर पडत असतं, "सिस्टर, छातीत धडधडतंय." कुणी म्हणतं जीव घाबरा होतो, कुणी म्हणतं मध्येच काळजात लक्कन होतं, एकीने तर सांगितलं होतं की छातीत कबुतर फडफडतंय.

यावर लेबर रूमच्या दुनियेत दोन उत्तरं तयारच असतात. एक म्हणजे "होतं गं या दिवसांत, पोटात बाळ आहे, जा, पाणी पी." आणि दुसरं, जुन्या कागदावर कुठेतरी हार्टचं काही लिहिलेलं दिसलं की "ही आपली केस नाही, पाठवा वर, मोठ्या हॉस्पिटलला." मला दोन्हीचा सारखाच राग येतो कारण दोन्ही उत्तरं मनगटाला हात न लावता देता येतात.

(आधीच सांगते, मी लेबर रूमची सिस्टर आहे, डॉक्टर नाही. खाली औषधांची नावं येतील ती बघून कुणी स्वतःच्या मनाने काही चालू किंवा बंद करू नका, पाया पडते.)

आता पहिलं उत्तर तसं बऱ्याच जणींच्या बाबतीत खरंच असतं, ते नाकारत नाही. गरोदरपणात अंगातलं रक्त ४० ते ५० टक्के वाढतं, ठोके मिनिटाला १०-२० ने वाढतात, हृदय दर मिनिटाला जेवढं रक्त बाहेर फेकतं ते ३० ते ५० टक्क्यांनी जास्त होतं. म्हणजे ते बिचारं ओव्हरटाइमच करत असतं, नाडी ९५ आली म्हणून लगेच ईसीजीला पळवायची गरज नाही. त्यात आपल्याकडे ॲनिमिया. एनएफएचएस-५ मध्ये, म्हणजे २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, देशातल्या ५२.२ टक्के गरोदर बायका ॲनिमिक निघाल्या. ७ हिमोग्लोबिन असलेल्या बाईचं हृदय धावणार नाही तर काय करणार? आणि थायरॉइड, आणि ताप, आणि उलट्या होऊन होऊन अंगातलं पाणी गेलेलं, आणि हरतालिकेचा निर्जळी उपवास सातव्या महिन्यात. हे सगळं आधी बघायचं. धडधड म्हणून आलेल्या बऱ्याच जणींना एचबी, थायरॉइडची टीएसएच तपासणी, लोहाचं इंजेक्शन आणि "उपवास यंदा राहू दे, देवी समजून घेते" एवढं पुरतं.

पण काही जणींना पुरत नाही आणि त्या कोण हे शोधायचं काम बोटांनी होतं. बोटांनी म्हणजे खरोखर बोटांनी. नवीन पोरी पल्स ऑक्सिमीटर लावून आकडा लिहून मोकळ्या होतात, १५ सेकंद मोजून चारने गुणणारे तर जुने खेळाडू. नाडी वेडीवाकडी असली तर १५ सेकंदांत काय कळणार? अख्खा मिनिट धरायची. वेगात आहे पण एका लयीत आहे का, लय मोडतीये का, मोडतीये तर मध्येच एखादा ठोका गळाल्यासारखा वाटून परत सरळ होतीये का नुसताच सावळा गोंधळ आहे. आणि धरता धरता विचारायचं, कसं सुरू होतं गं? हळूहळू वाढत जातं आणि बसलं की हळूहळू उतरतं, की बटण दाबल्यासारखं एकदम चालू आणि एकदम बंद? चक्कर येते का, डोळ्यांपुढं अंधारी येते का, कधी पडलीस का? घरात कुणी तरणंताठं माणूस अचानक गेलंय का, पोहताना, झोपेत, पळताना? लहानपणी सांधे सुजायचे का, घसा धरून ताप यायचा का? एवढ्या प्रश्नांना चार-पाच मिनिटं लागतात. ९ तारखेला ती चार-पाच मिनिटं कुठून काढायची ते मला विचारू नका, पण काढते.

बटण दाबल्यासारखं चालू आणि बंद होणारी धडधड बऱ्याचदा पीएसव्हीटी असते. हृदयातल्या करंटला जन्मापासूनच एक चोरवाट असते, करंट त्या वाटेत अडकून गोल गोल फिरत बसतो, ठोके १५०, १८०, २०० च्या वर जातात आणि मग आपोआप किंवा औषधाने एकदम थांबतात. हृदयाची बांधणी एरवी ठीक असली तर सहसा जिवावर बेतत नाही, पण ज्या बाईला होतंय तिला वाटतं की आता आपण गेलोच. गरोदरपणात आधीपासून असलेलं हे प्रकरण जास्त वेळा डोकं वर काढू शकतं.

आमच्याकडे अशी एक मुलगी आली होती, पुण्यात नोकरी करणारी, पहिलं बाळंतपण म्हणून आठव्या महिन्यात माहेरी. आता हे माहेरचं बाळंतपण म्हणजे आपल्याकडचा मोठा गोड रिवाज, लाड होतात, आईच्या हातचं मिळतं, सगळं मान्य. पण हृदयाचा आजार असलेल्या बाईसाठी तो एक भयंकर खड्डा आहे हे कुणी बोलतच नाही! कार्डिओलॉजिस्ट पुण्यात, फाइल सासरच्या कपाटात, पहिल्या सहा महिन्यांची सगळी माहिती असलेली डॉक्टर तिकडे, आणि बाई इकडे ऐन कळांच्या तोंडावर एका पिशवीत साड्या आणि दुसऱ्या पिशवीत सोनोग्राफीचे फोटो घेऊन. इथली आशाताई तिला ओळखत नाही, तिच्या लिस्टमध्ये नावच नाही. या मुलीला मेटोप्रोलॉल चालू होतं, गोळ्या संपल्या, वडिलांनी गावातल्या मेडिकलमधून आणल्या तर त्याने "तीच आहे, कंपनी वेगळी" म्हणून अटेनोलॉल दिलेली. आता दोन्ही गोळ्या एकाच जातीच्या, ठोके आवरणाऱ्या बीटा ब्लॉकर, हे खरं, पण गरोदरपणात अटेनोलॉल शक्यतो टाळतात, बाळाची वाढ कमी होण्याशी त्याचा संबंध दिसलाय. मी पिशवीतून गोळ्यांची पट्टी बाहेर काढायला लावली म्हणून कळलं, नाहीतर कार्डावर "ऑन टॅब्लेट फॉर पाल्पिटेशन" एवढंच लिहिलं असतं आम्ही.

तिच्या नवऱ्याला फोन केला, फाइल कपाटातून काढून प्रत्येक पानाचा फोटो पाठव म्हटलं, आणि मुख्य म्हणजे अटॅक चालू असतानाचा एखादा ईसीजी असेल तर तो पाठव. हे मी सगळ्यांनाच सांगते, धडधड थांबल्यावर काढलेला ईसीजी बऱ्याचदा अगदी नॉर्मल येतो, सोन्यासारखी किंमत असते ती चालू धडधडीतल्या ईसीजीला. तो मोबाइलमध्ये वेगळा सेव्ह करून ठेवा, लग्नाच्या चारशे फोटोंमध्ये नाही.

मग आमच्या गायनॅक सरांशी बोलून आमच्या फिजिशियन मॅडमनी पुण्याच्या डॉक्टरांना फोन लावला आणि ठरलं की बाळंतपण इथेच करता येईल. काही जण म्हणाले कशाला विषाची परीक्षा, सरळ वर पाठवा. पण बघा, जगभरात हृदयाच्या आजारांची गरोदरपणातल्या धोक्यानुसार वर्गवारी करतात, मॉडिफाइड डब्ल्यूएचओ म्हणतात त्याला, युरोपियन सोसायटी ऑफ कार्डिओलॉजीच्या २०१८ च्या गाइडलाइनमध्ये ती छापलेलीच आहे. एखाददुसरा चुकार ठोका म्हणजे क्लास १, जवळजवळ कुणाहीसारखाच धोका. पीएसव्हीटीसारख्या वरच्या कप्प्यातल्या बऱ्याचशा गडबडी क्लास २. व्हेंट्रिक्युलर टॅकिकार्डिया, म्हणजे खालच्या कप्प्यातून येणारी, क्लास ३. आणि झडप अगदी आवळलेली असेल, सिव्हिअर मायट्रल स्टेनोसिस, तर क्लास ४, म्हणजे मुळात गरोदर राहूच नये असं सांगण्याची वेळ. तक्रार सगळ्यांचीच धडधड, पण एकीला फिजिशियन आणि ईसीजी मशीन हाताशी असलेलं कुठलंही बरं हॉस्पिटल चालतं आणि दुसरीला कार्डिॲक आयसीयू जवळ असल्याशिवाय हात लावू नये. सगळ्यांनाच वर पाठवलं की काय होतं माहितीये? क्लास १ वाली घाटात ॲम्ब्युलन्समध्ये बाळंत होते.

आणि हार्ट आहे म्हणजे सिझर, हेही डोक्यातून काढा. नॉर्मल डिलिव्हरीत रक्त कमी जातं, इन्फेक्शनचा आणि रक्ताच्या गुठळ्यांचा धोका कमी, त्यामुळे लयीच्या बहुतेक आजारांत नॉर्मलच बरी, सिझर करायचं ते बाळंतपणाच्या कारणासाठी.

तर तिच्या कळा सुरू झाल्या रात्री (सगळ्यांच्या रात्रीच होतात, दिवसा ड्युटीवाल्यांचं नशीब). हातात व्हेन घेऊन ठेवलेली, कोपराच्या जवळची मोठी शीर, मुद्दाम. डाव्या कुशीवर झोपवलं. गोळी वेळेवर दिली, कळा चालू झाल्या म्हणून सकाळ-संध्याकाळची गोळी चुकवायची नसते, "उपाशी ठेवलंय ना" म्हणून हृदयाच्या गोळ्याही बंद करणारे महाभाग मी पाहिलेत. तोंडाने पाणी, लिंबू सरबत चालू. दुखणं कमी ठेवणं हेपण उपचारच आहे कारण दुखलं की ॲड्रेनालिन वाढतं आणि ॲड्रेनालिन वाढलं की ती चोरवाट उघडायला निमित्तच मिळतं. मोठ्या ठिकाणी एपिड्युरल, म्हणजे पाठीतून कळा कमी करायचं इंजेक्शन देतात, आमच्याकडे भूलतज्ज्ञ चोवीस तास नसतात म्हणून तिची आई पाठीवरून हात फिरवत बसली आणि मी.

गर्भाशयाचं तोंड सहा सेंटीमीटर उघडलेलं असताना तिने माझा हात पकडला, "सिस्टर, आलं." नाडी मोजता येईना एवढी जोरात. ऑटोमॅटिक बीपीचं मशीन हवा भरतंय, सोडतंय, परत भरतंय आणि शेवटी एरर. अशा वेळी त्या मशीनच्या नादी लागायचं नाही, सरळ पाऱ्याचं किंवा डायलचं काढायचं आणि कानाने ऐकायचं. बीपी ११० होतं, बोलत होती, शुद्धीत होती. मॅडमना कॉल, ईसीजी लावला, १८० च्या वर. आणि मग १० एमएलची नवी सिरिंज तिच्या तोंडात दिली, सुई नसलेली अर्थात, आणि सांगितलं की फुंकून दट्ट्या सरकव, १५ सेकंद जोर सोडायचा नाही. मग लगेच पाठीवर आडवं करून पाय वर उचलून धरायचे आणखी १५ सेकंद, पोट एवढं मोठं असताना उजव्या कमरेखाली उशी घालून, नाहीतर बाळाच्या वजनाने मोठी शीर दबते. ही काही आमच्या गावची युक्ती नाही, इंग्लंडमध्ये २०१५ साली मोठी ट्रायल झाली होती याची, नुसतं बसून फुंकल्यावर १७ टक्के लोकांची लय सरळ झाली आणि नंतर पाय वर केल्यावर ४३ टक्के. फुकटचा उपाय! एका सिरिंजच्या खर्चात.

पहिल्या वेळेस काही झालं नाही. मॅडमनी लय सरळ करायचं इंजेक्शन, ॲडेनोसिन, भरून ठेवायला सांगितलं. हे औषध रक्तात दहा सेकंदही टिकत नाही, त्यामुळे बाळापर्यंत पोचण्याची भीती जवळजवळ नसते आणि गरोदरपणात ते चालतं, ६ मिलिग्रॅम झटक्यात आणि मागोमाग सलाइनचा फ्लश, हळू दिलं तर वाया. फक्त बाईला आधी सांगायचं असतं की काही सेकंद फार विचित्र वाटेल, छाती दाबल्यासारखी, मरतोय की काय असं, आणि मग जाईल. न सांगता दिलं तर ती आयुष्यभर त्या सुईला घाबरते. आणि बीपीच पडायला लागलं तर शॉक देऊन लय सरळ करायची, तेही गरोदरपणात कुठल्याही महिन्यात करता येतं, बाळाचे ठोके बघत बघत. पण आम्हाला ॲडेनोसिन लागलं नाही, दुसऱ्यांदा फुंकल्यावर ईसीजीच्या कागदावर एकदम ती दाट करवत थांबली आणि छान ९८ ची लय सुरू झाली. पोरगी रडायला लागली आणि तिची आईपण.

याच्यात एक गोष्ट आहे जी मी प्रत्येक नवीन सिस्टरला पकडून पकडून सांगते. आईचे ठोके १६०-१७० असताना पोटावर बाळाचे ठोके ऐकायचं डॉपलर ठेवलं तर कानावर जे येतं ते बाळाचं आहे कशावरून? बाळाचं नॉर्मल ११० ते १६०. गर्भाशयाच्या बाजूच्या रक्तवाहिन्यांतून आईचाच ठोका ऐकू येतो आणि आपण लिहितो "एफएचएस १७०, फीटल टॅकिकार्डिया" आणि बाळ गुदमरतंय समजून पोरीला सिझरला नेतात, तेही धडधड चालू असताना. किंवा त्याहून वाईट, आईचे १४५ बाळाचे समजून "बाळ मस्त आहे" आणि बाळाचे खरे ठोके कुणी ऐकलेलेच नाहीत. उपाय एकच, एक हात डॉपलरवर, दुसऱ्या हाताची बोटं आईच्या मनगटावर, दोन्ही ताल जुळले तर ते आईचं, सरक पुढे आणि बाळ शोध. बाळाचे ठोके कागदावर काढणाऱ्या सीटीजीच्या मशीनलाही हाच घोळ होतो, मशीनवर भरवसा ठेवून बसू नका.

शेवटी जोर लावायची वेळ आली तेव्हा मला मनातल्या मनात हसू येत होतं. सिरिंजमध्ये फुंकणं आणि लेबर टेबलवर "संडासला बसल्यासारखा जोर लाव" हे शरीराच्या दृष्टीने जवळपास एकच काम. पण म्हणून तिला ओरडून ओरडून दम कोंडून जोर लावायला लावायचा नाही, कळ आली की जसा येईल तसा छोटा छोटा, कुशीवरच, आणि फार वेळ लागायला लागला तर सर व्हॅक्यूम लावून बाळ ओढून घ्यायला शेजारी उभे. बाळ नीट आलं, रडलं. आई मेटोप्रोलॉलवर होती म्हणून बाळाची शुगर आणि ठोके पहिले एक-दोन दिवस बघत राहिलो, या गोळ्यांमुळे बाळाची शुगर खाली जाऊ शकते. अंगावरचं दूध पाजायला काही अडचण नाही.

आता याच्या अगदी उलट केस. तिसरेपणाची बाई, शेतावर काम करणारी, कार्डावर "दम्याचा त्रास" लिहिलेलं. रात्री झोपलं की खोकला, उठून बसलं की बरं. नाडी धरली तर आगा ना पिछा, दोन ठोके जवळ, एक लांब, एक हलका, एक जोरात, कसलाच हिशोब लागेना. लहानपणी गुडघे सुजायचे का विचारलं तर म्हणाली हो, शाळा त्यापायीच सुटली. मॅडमनी छातीला स्टेथो लावला आणि दम्याचा विषयच संपला, मायट्रल स्टेनोसिस आणि वरून एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे वरच्या कप्प्यांची लयच मोडलेली. लहानपणीच्या रुमॅटिक तापाने झडप आवळलेली, आपल्या देशात गरोदर बायकांच्या हृदयाच्या आजारात हेच अजून वरच्या नंबरला आहे.

इथे मात्र एक मिनिट घालवायचा नाही. कारण आवळलेल्या झडपेतून रक्त खाली उतरायला दोन ठोक्यांच्या मधला वेळ लागतो, ठोके वाढले की तो वेळच मिळत नाही, रक्त मागे फुफ्फुसात तुंबतं आणि बाई श्वासाला तडफडते. आणि बघा गंमत, पीएसव्हीटीवालीला मी पाणी पी पाणी पी म्हणून मागे लागते, तर या बाईला आरएलची, म्हणजे सलाइनची, एक बाटली फुल स्पीडने सोडली तर ती तिथेच फुफ्फुसात पाणी भरून जाऊ शकते. आमच्या लेबर रूममध्ये आली बाई की लाव बाटली ही हाताला लागलेली सवय आहे, नातेवाइकांनाही बाटली दिसली की बरं वाटतं. तिच्या बाबतीत मी व्हेन घेतली आणि बाटली लावू दिली नाही, डोक्याकडून टेकवून बसवलं, ऑक्सिजन, १०८ ची एएलएस, म्हणजे जास्त उपकरणांची गाडी मागवली, साधी बीएलएस नको म्हटलं, आणि गाडी निघायच्या आधी वरच्या हॉस्पिटलला फोन करून नाव, आठवडे, नाडी, काय दिलं आणि काय दिलं नाही हे सांगितलं. माझ्या मते रेफर यालाच म्हणायचं, चिठ्ठीवर सही करून गाडीत बसवणं याला नाही.

अशा बायकांना रक्त पातळ करायची औषधं लागतात, आपल्याकडे ॲसिट्रोम जास्त चालतं, पण गरोदरपणात ते की हेपरिनची इंजेक्शनं, कधी कुठलं, हे कार्डिओलॉजिस्ट आणि गायनॅकने एकत्र बसून ठरवायचं असतं. माझं काम म्हणजे दर भेटीला विचारणं, गोळी चुकली का, पेनिड्युअर (रुमॅटिक ताप परत येऊ नये म्हणून घ्यायचं पेनिसिलिनचं इंजेक्शन) घेतलंस का, रात्री किती उशा घेऊन झोपतेस. एका उशीच्या तीन झाल्या की मला कळतं, फुफ्फुसात तुंबायला लागलंय.

लेबर रूमच्या ट्रॉलीवरच्या औषधांबद्दल बोलायलाच पाहिजे कारण लयीचा आजार असलेल्या बाईला खरा धोका बऱ्याचदा तिथूनच येतो. गर्भाशयाचं तोंड लवकर उघडावं म्हणून इपिडोसिन, बस्कोपान सर्रास ठोकतात, दोन्हीने ठोके वाढतात, आणि डब्ल्यूएचओने २०१८ मध्ये स्पष्ट लिहिलंय की कळा लांबू नयेत म्हणून असली औषधं वापरू नका, अगदी धडधाकट बाईलाही. दिवस भरायच्या आधी कळा आल्या की त्या थांबवायला डुवाडिलान, त्याने तर नाडी घोड्यावर बसते. बाळ बाहेर आल्यावर रक्तस्राव आवरायला मेथर्जिन, ते हृदयाच्या आणि बीपीच्या पेशंटला टाळायचं. ऑक्सिटोसिन लागतंच, रक्तस्राव थांबवायला दुसरं एवढं चांगलं काही नाही, पण शिरेतून एकदम ढकलायचं नाही, बीपी पडतं आणि हृदय पळायला लागतं, स्नायूत किंवा सलाइनमधून सावकाश.

आणि उलटीचं एमिसेट. पहिल्या तीन महिन्यांत आपल्याकडे कुणाला मिळत नाही ते? बहुतेकींना काही होत नाही. पण लाँग क्यूटी नावाचा एक आजार आहे, जन्मजात, यात ठोका पडल्यावर हृदयाला परत चार्ज व्हायला जास्त वेळ लागतो आणि मध्येच घातक लय सुरू होऊन माणूस धाडकन पडतं, बऱ्याचदा फिट समजून वर्षानुवर्षं फिटच्याच गोळ्या चालू असतात. अशा बाईला एमिसेट, डॉम्पेरिडॉन, एरिथ्रोमायसिन ही सगळी क्यूटी आणखी लांबवणारी औषधं, आणि उलट्यांनी पोटॅशियम कमी झालं की दुधात साखर. म्हणून मी वर म्हटलं ना, घरात कुणी तरणंताठं अचानक गेलंय का आणि तू कधी पडलीस का हे विचारायचंच. हो म्हणाली तर इंजेक्शनच्या आधी ईसीजी. साधा बारा लीडचा ईसीजी, पाच मिनिटांचं काम.

लाँग क्यूटीमध्ये आणखी एक उलटंच आहे, गरोदरपणापेक्षा बाळंतपणानंतरचे नऊ महिने जास्त धोक्याचे, त्यातही टाइप २ मध्ये, ज्यांना अचानक आवाजाने अटॅक येतो. मोबाइलचा अलार्म, दाराची बेल. आणि रात्री दोन वाजता कानाशी बाळ किंचाळलं तर? म्हणून तिची बीटा ब्लॉकर गोळी बाळंतपणानंतर अजिबात बंद करायची नाही, आणि घरच्यांना सांगायचं की बाळ रात्री आजीजवळ झोपू दे, उठलं की आजीने हळू उठवून पाजायला आणून द्यावं. आज्यांना हे काम फार आवडतं. बाळाचाही ईसीजी करायचा कारण आजार पुढे जाण्याची शक्यता निम्मी असते.

लयीचा कुठलाही आजार असो, बाळ बाहेर आलं की सगळ्यांचं लक्ष बाळाकडे, पेढे, फोन, मुलगा का मुलगी, आणि बाई एका कोपऱ्यात. खरं तर त्याच घडीला गर्भाशय आवळतं आणि तिथलं रक्त एकदम परत हृदयाकडे येतं, हृदयावरचा सगळ्यात मोठा ताण तोच. पहिले २४ तास मी अशा बाईला वॉर्डात टाकू देत नाही, नर्सिंग स्टेशनच्या समोरची कॉट तिची. झडपवालीला तर दोन-तीन दिवस तरी असंच नजरेखाली ठेवायला पाहिजे. "बाळंतिणीला थंडी लागली, खोकतीये" असं कुणी म्हणालं की मी पहिलं उठवून बसवते आणि श्वास मोजते.

हे सगळं कोण करतं रात्रभर? आम्ही. डॉक्टर ऑन कॉल असतात आणि बोलावलं की येतात, पण मनगट धरून बसलेली असते ती सिस्टर. सरकारने २०१८ मध्ये मिडवाइफरीच्या गाइडलाइन काढल्या, नर्सला १८ महिन्यांचं वेगळं ट्रेनिंग देऊन नर्स प्रॅक्टिशनर इन मिडवाइफरी करायचं, मला त्याचा आनंद आहे. त्यात साध्या, बिनधोक्याच्या बाळंतपणांवर भर आहे तेही बरोबरच आहे, झडपवालीला एकट्या मिडवाइफने सांभाळावं असं कोण म्हणेल. पण हाय रिस्कचं लाल स्टिकर कार्डावर लागलं की ती आता फक्त डॉक्टरांची, सिस्टरने फक्त सांगितलेलं इंजेक्शन द्यायचं, हे मला पटत नाही. लाल स्टिकरवालीलाच तर शेजारी बसणारं माणूस जास्त लागतं.

आमच्याकडे आता अशा प्रत्येक बाईच्या कार्डाला मी एक कागद पिनअप करते. आजाराचं नाव, नेहमीची नाडी किती, कुठली गोळी किती वाजता, अटॅक आला तर काय करायचं, काय द्यायचं नाही (हे लाल पेनने), कुणाला फोन करायचा, बाळंतपण कुठे ठरलंय आणि तिथवर जायला गाडी कुणाची. माहेरी जाणार असेल तर त्याची एक प्रत माहेरच्या आशाताईला व्हॉट्सॲपवर, सातव्या महिन्यातच, डोहाळजेवणाच्या आधी.

आणि निघताना पाळणा कसा लांबवणार ते विचारते. झडप आणि फिब्रिलेशनवालीला सरकारी फुकट मिळणारी माला-एन चालत नाही, त्यात इस्ट्रोजेन असतं, गुठळ्या होऊ शकतात, तांबी किंवा दुसरं काही डॉक्टरांना विचारून. पीएसव्हीटीवाल्या पुण्याच्या मुलीला सांगितलं की बाई, दुसरा चान्स घ्यायच्या आधी त्या चोरवाटेचा बंदोबस्त करून घे, मांडीच्या शिरेतून बारीक वायर घालून ती जागा भाजून बंद करतात, ॲब्लेशन, नेहमीच्या प्रकारात १०० पैकी ९५ च्या वर जणींचं काम होऊन जातं. तिची सासू शेजारी उभी होती, म्हणाली खर्च किती. मी म्हटलं महात्मा फुले योजनेत बसतंय का ते आरोग्यमित्राला विचारा, प्रत्येक योजनेच्या हॉस्पिटलात त्याचं टेबल असतं, जाताना रेशन कार्ड, आधार आणि तो चालू धडधडीतला ईसीजी घेऊन जा.